स्थितिपट्टीवरील चिन्हे : वाचन, फेरफार आणि प्रामाण्य
(रूट केलेल्या अँड्रॉइड फोनच्या विशेष संदर्भात)

गोषवारा : मोबाइल फोनच्या पडद्याच्या माथ्यावर बॅटरी, नेटवर्क, वायफाय, घड्याळ इत्यादींची चिन्हे दाखविणारी जी अरुंद पट्टी असते, तिला प्रस्तुत लेखात ‘स्थितिपट्टी’ म्हटले आहे. अँड्रॉइड फोन ‘रूट’ करून ही चिन्हे आपल्या मनाप्रमाणे बदलण्याची एक प्रथा तरुण वापरकर्त्यांत रूढ झाली. तिचे चिन्हमीमांसेच्या अंगाने परीक्षण करणे हा या लेखाचा हेतू आहे. वापरकर्त्याने केलेला फेरफार आणि कंपन्यांनी केलेला फेरफार यांची तुलना करून, स्थितिपट्टीवरील चिन्ह हे वस्तुस्थितीविषयीचे एक विधान असते व ते तपासण्याची सोय वाचकाजवळ असली पाहिजे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : स्थितिपट्टी, चिन्हमीमांसा, निर्देशचिन्ह, हेत्वाभास, रूट, फेरफार.

१. प्रास्ताविक

साहित्याच्या अभ्यासकाने मोबाइलच्या पडद्याकडे ‘संहिता’ म्हणून पाहावे, ही सूचना काहींना अस्थानी वाटण्याचा संभव आहे. तथापि सुशिक्षित माणूस दिवसातून वारंवार वाचतो असा मजकूर कोणता, याचा प्रामाणिक विचार केला तर त्यात वृत्तपत्राच्या अग्रलेखाआधी फोनच्या माथ्यावरील त्या पट्टीचा क्रम लागेल. बॅटरी किती उरली, नेटवर्क आहे की नाही, किती वाजले, हे आपण तिथे वाचतो आणि त्यावर विसंबून निर्णय घेतो. प्रवासाला निघावे की आधी फोन चार्जिंगला लावावा, फोन आता करावा की थोडे पुढे जाऊन, असे ते साधे निर्णय असतात. मात्र ही पट्टी आपण वाचतो आहोत याची जाणीव आपल्याला नसते. खिडकीतून बाहेर पाहावे तसे आपण तिच्याकडे पाहतो.

ही जाणीव ज्यांना झाली असा एक वर्ग म्हणजे फोन रूट करून चिन्हे बदलणारे वापरकर्ते. आपल्या महाविद्यालयांतही असे विद्यार्थी आढळतात. त्यांच्या या उद्योगाकडे प्राध्यापकवर्ग बहुधा रिकामपणचा खेळ म्हणून पाहतो. हा खेळ आहे हे खरे. पण त्या खेळात वाचनाचा एक महत्त्वाचा धडा दडलेला आहे, आणि तो धडा गिरविण्याची वाट दिवसेंदिवस अरुंद होत चालली आहे. म्हणूनच या विषयाचा विचार करणे अगत्याचे वाटते.

२. चिन्हाचे स्वरूप

अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स यांनी चिन्हांचे तीन प्रकार मानले. ज्यात चिन्ह आणि वस्तू यांत साम्य असते ते प्रतिमाचिन्ह. ज्यात दोहोंत प्रत्यक्ष वा कार्यकारणाचा संबंध असतो ते निर्देशचिन्ह. आणि ज्यात केवळ संकेताने संबंध जोडला जातो ते प्रतीकचिन्ह. स्थितिपट्टीवरील चित्राला आपण व्यवहारात ‘आयकॉन’ म्हणतो, म्हणजे प्रतिमाचिन्ह. बॅटरीचे चित्र बॅटरीसारखे दिसते, एवढ्यापुरते हे खरे आहे. परंतु आपण त्यावर विश्वास ठेवतो तो या साम्यामुळे नव्हे. आतली विद्युतशक्ती कमी झाली म्हणून चित्रातला भरलेला भाग कमी झाला, असा कार्यकारणसंबंध आपण गृहीत धरतो. म्हणजे रूपाने प्रतिमाचिन्ह असलेली ही वस्तू अधिकार मात्र निर्देशचिन्हाचा गाजविते.

हाच विचार आपल्या न्यायशास्त्राच्या परिभाषेत अधिक नेमका मांडता येतो. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे, हे अनुमानाचे प्रसिद्ध उदाहरण. धूर हे लिंग. जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, ही व्याप्ती. नेटवर्कच्या चार पट्ट्या हे आपल्या दृष्टीने असेच लिंग असते. मात्र धूर अग्नीतून आपोआप निघतो, पट्ट्या कोणीतरी काढलेल्या असतात. किती मोजमापाला किती पट्ट्या दाखवायच्या, हे एका माणसाने वा संस्थेने ठरविलेले असते. व्याप्ती येथे निसर्गसिद्ध नाही. ती कोणीतरी लिहिलेली आहे. जी लिहिलेली आहे ती दुसऱ्याला खोडता येते, आणि लिहिणाऱ्याला चुकीची वा खोटीही लिहिता येते. पुढील सर्व विवेचनाचा पाया हा आहे.

३. फेरफाराची प्रक्रिया

अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा आहे. लिनक्स आणि त्याआधीच्या युनिक्स परंपरेत सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याला ‘रूट’ म्हणतात. फोन विकत घेणाऱ्याला हे अधिकार दिलेले नसतात. प्रत्येक ॲप आपापल्या मर्यादित ओळखीखाली चालते आणि प्रणालीच्या मूळ फाइली केवळ वाचण्यापुरत्या खुल्या असतात. फोन रूट करणे म्हणजे हा सर्वाधिकार मिळविणे.

स्थितिपट्टी रेखाटण्याचे काम प्रामुख्याने ‘सिस्टिम यूआय’ नावाचा भाग करतो. अँड्रॉइडच्या आरंभीच्या आवृत्त्यांत पट्टीवरील प्रत्येक चिन्ह हे पारदर्शक पार्श्वभूमीचे एक लहानसे स्वतंत्र चित्र असे. वापरकर्ता ही फाइल संगणकावर उलगडत असे, चित्रे काढून त्यांच्या जागी त्याच नावाची व त्याच मापाची आपली चित्रे ठेवीत असे, फाइल पुन्हा बांधून फोनमध्ये परत नेत असे आणि तिच्या परवानग्या पूर्ववत करून फोन नव्याने सुरू करीत असे. कोठे चूक झाली तर पट्टीच नाहीशी होई, किंवा फोन सुरू होण्याच्या चित्रावरच फिरत राही. म्हणून आधी संपूर्ण प्रणालीची प्रत काढून ठेवणे ही या मंडळींची पहिली शिस्त.

या प्रक्रियेत एक फाइल विशेष बोधप्रद आहे. २०११ साली आलेल्या ४.० या आवृत्तीत बॅटरीच्या चिन्हासाठी शून्यापासून शंभरापर्यंतच्या सर्व पातळ्यांकरिता मिळून आठ चित्रे होती. कोणत्या टक्क्यापर्यंत कोणते चित्र दाखवायचे याची एक साधी यादी त्यांच्यासोबत असे. ती उघडून पाहणाऱ्याला प्रथमच कळे, की आपण ज्याला बॅटरीचे ‘दर्शन’ समजत होतो ते एका यादीचे पालन आहे. मोजमाप एकेका टक्क्याने बदलते, चित्र मात्र अनेक टक्क्यांच्या टप्प्यांनी. मधल्या काळात चित्र स्थिर राहते आणि वाचक निश्चिंत असतो. पर्वत, धूर आणि व्याप्ती या तिघांची फारकत येथे उघड्यावर दिसते.

४. वापरकर्त्यांच्या चिन्हसंचांचे मूल्यमापन

या प्रथेतून निर्माण झालेल्या चिन्हसंचांचे सरसकट कौतुक करणे योग्य होणार नाही. त्यांचे तीन गट पडतात.

पहिला गट अलंकरणाचा. यात चिन्हाचा अर्थ तोच राहतो, रूप बदलते : बॅटरीच्या जागी हृदय, आवडत्या खेळाडूचा रंग, दुसऱ्या कंपनीच्या फोनची नक्कल. संख्येने हा गट मोठा आणि समीक्षेच्या दृष्टीने सर्वांत दुबळा. एका कंपनीची चिन्हे काढून दुसऱ्या कंपनीची बसविणे यात स्वातंत्र्यापेक्षा अनुकरणच अधिक असते.

दुसरा गट सूक्ष्मतेचा. आठ चित्रांच्या जागी एकशे एक चित्रे काढून प्रत्येक टक्क्याला स्वतंत्र चित्र देणारे, किंवा बॅटरीला वर्तुळाचे रूप देऊन त्यात आकडा लिहिणारे वापरकर्ते या गटात येतात. मूळ रचनाकाराने वाचकाला जेवढे सांगायचे ठरविले होते त्याहून अधिक माहिती त्यांना हवी होती. सायनोजेनमॉडसारख्या स्वयंसेवी आवृत्त्यांनी पुढे वर्तुळ व टक्केवारी हे पर्याय आपल्या मांडणीत घेतले. गूगलनेही २०१५ च्या ६.० या आवृत्तीत ‘सिस्टिम यूआय ट्यूनर’ या आडबाजूच्या सोयीतून बॅटरीच्या चित्रात टक्केवारी दाखविण्याची आणि काही चिन्हे लपविण्याची मुभा दिली. ज्याला खेळ म्हटले गेले तो अशा रीतीने पाठ-सुधारणेचा प्रस्ताव ठरला.

तिसरा गट वर्जनाचा. यात नको असलेली चिन्हे काढून टाकली जातात. अलार्म लावला आहे हे सतत सांगणारे घड्याळ, सदैव चालू असलेल्या ब्लूटूथचे चिन्ह इत्यादी. जे चिन्ह कधीच बदलत नाही ते काहीच सांगत नाही, हा माहितीशास्त्राचा सिद्धांत या वापरकर्त्यांना ग्रंथ न वाचता उमगलेला दिसतो.

५. रंगाचा लोपलेला अर्थ

चिन्ह बदलणारा जेव्हा ते नीट वाचत नाही तेव्हा काय घडते, याचे एक उदाहरण मननीय आहे. २०१० च्या अखेरीस आलेल्या २.३ या आवृत्तीत नेटवर्क आणि वायफायची चिन्हे कधी हिरवी तर कधी पांढरट दिसत. ४.० मध्ये हिरव्याच्या जागी निळा रंग आला. हा रंग शोभेचा नव्हता. फोन गूगलच्या सर्व्हरशी जोडलेला असेल तर चिन्ह रंगीत, आणि केवळ स्थानिक जोडणी असेल तर फिके, असा तो संकेत होता. त्यासाठी मूळ फाइलीत प्रत्येक पातळीची दोन चित्रे असत. पूर्ण जोडणीच्या चित्राच्या नावापुढे ‘फुल्ली’ हा इंग्रजी शब्द जोडलेला असे.

अनेक चिन्हसंचकारांना हे ठाऊक नव्हते. त्यांनी दोन्ही चित्रे एकाच आवडत्या रंगात रंगविली आणि एक अर्थ नकळत पुसला गेला. वायफायच्या पट्ट्या पूर्ण आहेत पण संदेश जात नाही, याचे कारण सांगणारी खूण त्यांनी स्वतःच काढून टाकली होती. पाठ बदलण्यापूर्वी तो समजून घ्यावा, हा संपादनशास्त्राचा पहिला नियम येथे मोडला गेला.

परंतु याच कथेचा उत्तरार्ध अधिक विचार करायला लावणारा आहे. २०१३ च्या ४.४ या आवृत्तीत गूगलने स्वतःच पट्टीवरील चिन्हे सरसकट पांढरी केली आणि जोडणीची माहिती खाली ओढल्यावर दिसणाऱ्या क्विक सेटिंग्जमध्ये नेली. पुढे २०१४ च्या ५.० मध्ये इंटरनेट नसल्यास चिन्हाशेजारी उद्गारचिन्ह दाखविण्याची पद्धत आली. म्हणजे मधल्या आवृत्तीत हौशी रंगाऱ्याने केले तेच रचनाकारानेही केले. फरक इतकाच, की हौशी माणसाने ते आपल्या एका फोनवर केले आणि जुने चिन्ह परत बसविण्याची सोय त्याच्या हातात होती.

६. अधिकृत फेरफार

चिन्ह कोण बदलतो आणि कोणासाठी, हा प्रश्न येथून पुढे महत्त्वाचा ठरतो. अँड्रॉइडबाहेरचे एक उदाहरण प्रथम घेऊ. २०१० च्या जून महिन्यात आयफोन ४ बाजारात आला आणि तो विशिष्ट रीतीने हातात धरल्यास नेटवर्कच्या पट्ट्या झपाट्याने घटतात, अशा तक्रारी सुरू झाल्या. २ जुलै २०१० रोजी ॲपलने जाहीर पत्र काढून कबूल केले, की पट्ट्यांची संख्या ठरविण्याचे आपले सूत्रच चुकीचे होते; अनेक प्रसंगी फोन वास्तवापेक्षा दोन पट्ट्या अधिक दाखवीत होता. हा दोष मूळच्या आयफोनपासून, म्हणजे २००७ पासून चालत आला होता. तीन वर्षे लाखो लोकांनी जे लिंग खरे मानले, ते असिद्ध होते. धुक्याला धूर समजून अग्नीचे अनुमान करावे, तसा हा हेत्वाभास. त्याच पत्रात कंपनीने आणखी एक बदल जाहीर केला : पहिल्या तीन पट्ट्यांची उंची थोडी वाढविण्यात येईल, म्हणजे त्या नीट दिसतील. सूत्र दुरुस्त करताना चित्रही सौम्य करण्यात आले, ही गोष्ट चिन्हाच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील एटी अँड टी या सेवादात्या कंपनीचे. २०१९ च्या आरंभी तिच्या काही अँड्रॉइड फोनवर ‘४जी एलटीई’ऐवजी ‘५जी ई’ असे चिन्ह दिसू लागले. नेटवर्क मात्र चौथ्या पिढीचेच, सुधारलेल्या स्वरूपातील होते. ते सुधारलेले तंत्र प्रतिस्पर्धी कंपन्याही वापरीत होत्या, फक्त त्यांनी नाव बदलले नव्हते. स्प्रिंट या प्रतिस्पर्धी कंपनीने त्याच वर्षी न्यायालयात दावा लावला, तो पुढे आपसात मिटला. २०२० च्या मे महिन्यात अमेरिकेच्या जाहिरात-परीक्षण मंडळाने हा शब्दप्रयोग थांबविण्याची शिफारस केली. कंपनीने जाहिरातींपुरते ते मान्य केले. फोनच्या पट्टीवरील चिन्ह मात्र लगेच हटले नाही. जाहिरात ही जाहिरात म्हणून ओळखता येते. पट्टीवरील अक्षरे वाचक मोजमाप म्हणून वाचतो, आणि म्हणूनच तेथील अतिशयोक्ती अधिक गंभीर ठरते.

तिसरी गोष्ट त्याहून शांत आहे. अँड्रॉइडच्या खुल्या आज्ञावलीत सेवादात्या कंपन्यांसाठी ज्या जुळणीच्या कळा ठेवलेल्या आहेत, त्यांत नेटवर्कची पातळी एका पट्टीने वाढवून दाखविण्याची एक कळ आहे. ती चालू आहे की बंद, हे ग्राहकाला पट्टीवर पाहून कळत नाही.

ज्या वापरकर्त्याने यादीत फेरफार करून वीस टक्क्यांवर भरलेली बॅटरी दाखविली, त्याने कोणाला फसविले? स्वतःलाच, आणि ते त्याला ठाऊक आहे. फेरफार करणारा व वाचणारा एकच असल्याने तेथे फसवणूक या शब्दालाच अर्थ उरत नाही. कंपनीने वाढविलेल्या पट्टीच्या बाबतीत करणारा एक, वाचणारा दुसरा, आणि वाचणाऱ्याला त्याची वार्ता नाही. असे असता व्यवहारात पहिल्या कृतीला ‘छेडछाड’ म्हणतात आणि दुसरीला ‘अद्ययावत करणे’. शब्दांची ही वाटणी अधिकाराच्या वाटणीनुसार झालेली आहे.

७. बंद होत गेलेली वाट

वापरकर्त्याच्या फेरफाराची वाट क्रमाने कशी बंद होत गेली, हेही पाहिले पाहिजे. ४.४ पासून बॅटरीचे चिन्ह चित्राऐवजी आज्ञावलीने रेखाटले जाऊ लागले; चित्र बदलून भागेना, आज्ञावलीत हात घालणे आले. २०१६ च्या ७.० पासून प्रणालीची सत्यता फोन सुरू होतानाच काटेकोरपणे तपासली जाऊ लागली. कुलूपबंद फोनमध्ये प्रणालीच्या भागातील एका चिन्हाचा एक बिंदू बदलला, तरी तो भाग भ्रष्ट समजला जातो. २०१८ च्या ९ या आवृत्तीत सिस्टिम यूआय ट्यूनरचे नेहमीचे प्रवेशद्वार काढून घेण्यात आले.

२०१६ पासून प्रचारात आलेल्या ‘मॅजिस्क’ या साधनाने यावर एक तोड काढली. मूळ प्रणालीला स्पर्श न करता, फोन सुरू होताना तिच्यावर बदललेल्या फाइलींचा थर चढवायचा. पोथीची अक्षरे न खोडता समासात टीप लिहावी, तशी ही रीत. परंतु अनेक बँकांची ॲप रूट केलेला किंवा मूळ कुलूप उघडलेला फोन नाकारतात. ज्या काळात भाजीवाल्याचे पैसेही फोनवरून दिले जातात, त्या काळात चिन्हाच्या हौसेची ही किंमत सामान्य विद्यार्थ्याला परवडणारी नाही.

प्रतिपक्षाचे म्हणणेही न्याय्य आहे, ते टाळता येणार नाही. जो सर्वाधिकार मालकाला मिळतो तो घुसखोर आज्ञावलीच्याही हाती लागू शकतो. २०२१ च्या अँड्रॉइड १२ मध्ये कॅमेरा वा मायक्रोफोन चालू असल्यास पट्टीच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसू लागली. ही खूण कोणालाही पुसता आली, तर तिचे प्रयोजनच संपले. चिन्ह बदलण्याचे स्वातंत्र्य आणि चिन्हावरील विश्वास यांत खरा ताण आहे. हिरव्या खुणेच्या बाबतीत प्रस्तुत लेखकाचा कौल विश्वासाच्या बाजूने आहे.

परंतु या युक्तिवादाची मर्यादा ओळखली पाहिजे. सत्यता-तपासणी एवढेच सांगते, की हे चिन्ह उत्पादकाने दिले तसेच आहे. चिन्ह खरे आहे की नाही, हे ती सांगू शकत नाही. ‘५जी ई’ हे चिन्ह अशा कोणत्याही तपासणीत निर्दोष ठरले असते. मूळ प्रतीशी इमान आणि वस्तुस्थितीशी इमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हा भेद नवा नाही.

मराठी वाचकाच्या दृष्टीने एक लहान निरीक्षण नोंदवावेसे वाटते. फोनची भाषा मराठी निवडली, की अनेक फोनवर स्थितिपट्टीतील घड्याळाचे आकडे देवनागरी होतात. नेटवर्कच्या पिढीचे नाव मात्र रोमन लिपीतच राहते. वेळ आपल्या लिपीत मिळतो, सेवादात्याचा दावा त्याच्या लिपीत. कोणते चिन्ह वाचकाचे आणि कोणते विक्रेत्याचे, याची सीमारेषा येथे डोळ्यांना दिसते.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) स्थितिपट्टीवरील चिन्ह प्रतिमेच्या रूपात येते, निर्देशचिन्हाचा अधिकार सांगते आणि प्रत्यक्षात कोणीतरी लिहिलेल्या संकेतावर चालते. ते विधान आहे, आणि विधान म्हणून तपासले गेले पाहिजे.

२) वापरकर्त्यांचे बहुतांश चिन्हसंच अलंकरणाच्या पातळीवरचे असून काहींनी मूळ अर्थाची हानीही केली. तथापि सूक्ष्मता व वर्जन या गटांतील काम ही सजग वाचकाची कृती होती, आणि तिचा काही भाग मुख्य प्रवाहाने स्वीकारला.

३) फेरफाराचे नैतिक मूल्य तो मूळ प्रतीत झाला की नाही यावर अवलंबून नाही. वाचणाऱ्याला तो ठाऊक आहे की नाही, हा निकष अधिक योग्य आहे. या निकषावर हौशी वापरकर्ता निर्दोष आणि गुपचूप पट्टी वाढविणारी कंपनी दोषी ठरते.

४) सुरक्षेशी निगडित खुणा अबाधित ठेवूनही बॅटरी, नेटवर्क, घड्याळ यांसारख्या चिन्हांच्या रूपावर वापरकर्त्याला अधिकार देता येतो. काही उत्पादकांनी अशा मर्यादित सोयी दिल्याही आहेत. प्रत्येक चिन्हापासून त्यामागील मोजमापापर्यंत जाण्याची वाट मात्र सर्वत्र सोपी असली पाहिजे. अनेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये सिमच्या स्थितीखाली नेटवर्कची तीव्रता डेसिबलच्या मापात पाहता येते. पट्ट्यांवरचा तो खरा उतारा आहे. पण तो इतका खोल ठेवलेला आहे, की बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो.

शेवटी अध्यापनाविषयी. चिन्हमीमांसा शिकविताना आपण वर्षानुवर्षे वाहतुकीच्या दिव्यांचे उदाहरण देत आलो आहोत. त्याऐवजी विद्यार्थ्यांना आपापल्या फोनवरील पट्ट्या मोजावयास सांगाव्यात, त्याच वेळी सेटिंग्जमधील मोजमाप टिपावयास सांगावे, आणि वर्गातील निरनिराळ्या फोनवरील नोंदी फळ्यावर शेजारी शेजारी लिहाव्यात. यासाठी फोन रूट करण्याची आवश्यकता नाही. एकच मोजमाप निरनिराळ्या फोनवर निरनिराळ्या संख्येच्या पट्ट्यांनी दाखविले गेल्याचे आढळले, तर व्याप्ती कोणी लिहिली, हा प्रश्न विद्यार्थी आपण होऊन विचारतील.